उजवीकडचा आवाज

४ नोव्हेंबर १९९८, बुधवार

डबा आला. एक नाही, दोन!

एक काळा, एक चंदेरी. दोन्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या चांगल्या टेबलक्लॉथवर. हे ऑफिसातून आले ते बूट न काढता थेट डब्यांपाशी. विचारलं, "अहो, चहा टाकू?" उत्तर नाही. परत विचारलं. नाही! आणि या माणसाचे कान म्हणे सगळ्या बेलापुरात तीक्ष्ण.

ह्यांच्या कंपनीतला तो आशुतोष घेऊन आला. त्याचा मेव्हणा सिंगापूरला असतो, तो ही असली खेळणी पाठवतो. दोन्ही ठेवून घ्या, सावकाश ऐका, आवडेल तो घ्या, दुसरा परत. स्थळं बघतात तसं चाललंय. किंमत विचारली तर दोघंही छताकडे बघायला लागले.

"पण हे आहे काय?" म्हटलं.

"डॅक," हे म्हणाले. "सीडीवर गाणं नसतं वैजू, नुसते आकडे असतात. ते आकडे वाचून त्यांचं परत गाणं करायचं, हे याचं काम."

"मग आपल्या सीडी प्लेअरमध्ये हे नाही?"

"आहे, पण आत कोंबलेलं. हे स्वतंत्र. वेगळी पेटी, वेगळा पॉवर सप्लाय. काही त्रास नाही, काही लुडबूड नाही."

वा! आकड्यांना स्वतंत्र घर मिळालं. मी या फ्लॅटमध्ये आल्या दिवसापासून रियाजाला एक कोपरा मागतेय. आतल्या खोलीत ह्यांचे जुने ॲम्प्लिफायर आणि रिकामी खोकी. खोकी टाकायची नाहीत! माझा तानपुरा कपाटावर आडवा, गवसणीत. वर धूळ. बोलले तर म्हणतात, "तू गातेस कुठे हल्ली?" कुठे गाऊ? गॅसच्या शेगडीवर बसून?

५ नोव्हेंबर

एक परदेशी सीडी आहे, तिच्यात कुणीतरी काचेचा ग्लास फोडतं. तोच ग्लास दिवसभर फुटतोय. काळ्यावर फुटला, चंदेरीवर फुटला, परत काळ्यावर. ह्यांनी रजा काढलीय यासाठी! लेकीला, ऋताला, पुण्याला हॉस्टेलवर सोडायला जायचं होतं तेव्हा रजा नव्हती.

घरातला खरा ग्लास माझ्या हातून फुटला असता तर काय बोलणी बसली असती!

८ नोव्हेंबर, रविवार

भांडी तशीच पडलीत. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

आज बैठक होती. आशुतोष आणि त्याचे दोन दोस्त. नावं सांगितली, मी लक्षात ठेवली नाहीत. त्यांनीही माझं विचारलं नाही. डबे दिसू नयेत, नुसत्या कानांनी निवाडा व्हावा, म्हणून टेबलापुढे चादर टांगली. माझी डबलबेडची नवीन चादर! ह्यांनी चादरीमागे बसून डबे बदलायचे आणि बाकीच्यांनी पाळीपाळीनं त्या खुर्चीत बसायचं. ती खुर्ची म्हणजे दोन स्पीकरच्या बरोबर मधली. तिथं बसलं की म्हणे समोर सगळी मैफल उभी राहते, कोण कुठे बसलंय ते दिसतं. एरवी तिच्यात ह्यांच्याशिवाय कुणी बसत नाही. मी तर केर काढायलाही सरकवत नाही, खाली खडूच्या खुणा आहेत.

आणि कुठली सीडी लावली? बुवांची!

माझ्या बुवांची. माझ्या गुरूंची, सयाजीबुवांची. दादरच्या हॉलमधली सत्त्याहत्तर सालची मैफल. त्यांच्या मुलानं, ऋषीनं, जुन्या स्पूलवरून या दिवाळीला सीडी काढली. वेष्टनावर बुवांचं नाव मोठ्ठं. मग तबलजी, मग पेटीवाले. रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव आहे. हॉलचंसुद्धा आहे! मागे तानपुरे घेऊन बसलेल्या दोघींचं? नाही. तानपुरे आपोआप वाजत होते.

मी आत पोहे परतत होते. बाहेर कौतुक चाललं होतं. "तबला काय सॉलिड दिसतोय! हात ठेवावासा." "पेटीचा भातासुद्धा ऐकू येतो रे." मग डबा बदलला आणि आशुतोष ओरडला, "थांबा थांबा! हे काय? बुवांना ठसका लागतो ना, तिथं उजवीकडून मागून कोणीतरी बाई घुसतेय."

"हो यार. डिस्टर्ब होतं."

"मघाच्यावर नव्हतं हे. मघाचा एकदम स्मूद होता."

चादर काढली. स्मूद तो काळा. बाई दाखवणारा चंदेरी. एकमतानं काळा पास! आमच्या साहेबांनीही मान हलवली.

मी पोह्यांच्या प्लेटा घेऊन दारात उभी. तळपायाची आग मस्तकात गेली. घुसतेय? अरे, ती बाई तुम्हाला पोहे देतेय! ती बाई त्या दिवशी नसती तर तुमच्या त्या सॉलिड मैफलीचा बट्ट्याबोळ झाला असता!

प्लेटा आपटल्या फक्त. "वहिनी, लिंबू आहे का?" आशुतोष म्हणाला.

९ नोव्हेंबर

रात्रभर तेच. तरी एक गोष्ट बरी झाली. "उजवीकडून" म्हणाला तो! मी बुवांच्या उजव्या हातालाच बसले होते, मागे, तबल्याच्या बाजूला. दुसऱ्या तानपुऱ्यावर यशोदा, ती डाव्या हाताला, पेटीच्या बाजूला. म्हणजे त्या चंदेरी डब्याला तरी कळलं. माणसांना जे कळलं नाही ते डब्याला कळलं!

या वहीत मी हे कधी लिहिलं नाही. आज लिहितेच.

गुरूच्या मागे बसायचं म्हणजे नुसता तानपुरा छेडायचा नसतो. गुरूनं श्वास घेतला की ती फट आपण भरायची. सूर धरून ठेवायचा. पण असा, की लोकांना वाटलं पाहिजे गुरूच गातायत. बुवा म्हणायचे, मागच्याचा आवाज लोकांना कळला की साथ फसली. वर्षानुवर्षं हेच शिकलो, ऐकू न येणं! आणि बुवांची पट्टी अशी, की त्यांचा वरचा षड्ज तिथं आम्हा बायकांचा खालचा, भरलेला आवाज. एकात एक मिसळून जायचा.

त्या दिवशी द्रुतमध्ये बुवा तान घेत वर निघाले आणि वरच्या षड्जाच्या दोन पावलं अलीकडे ठसका लागला. साफ आवाज गेला. तबला चालू, सम समोर आलेली, हॉल गच्च. मी तोंड उघडलं आणि तान उचलली, षड्जावर नेली, समेवर आणून ठेवली. हॉल नुसता गरजला. मला अजून तो "वा!" छातीत ऐकू येतो. बुवा आत गेल्यावर पाणी पीत म्हणाले, "पोरींनी सावरलं." पोरींनी! गायलं एकीनं आणि शाबासकी दोघींना वाटून! यशोदा नुसती खाली मान घालून गवसणी बांधत होती. मी तेव्हाही काही बोलले नाही. कधीच बोलले नाही. म्हणूनच ही वेळ आली.

ऋषीला फोन लावला. हा एवढासा होता तेव्हा याचं नाक मी पुसलंय. म्हणाला, "वैजूताई, जानेवारीत परत छापतोय सीडी. नाव घालायला माझी ना नाही. पण मी तीसदा ऐकलंय, तिथं बाबाच गातायत. सगळे तेच म्हणतात."

"नीट मशीनवर ऐक. माझ्याकडे ये रविवारी. ऐकू आलं तर?"

"ऐकू आलं तर घालतो. शब्द देतो."

बस्स. मला तेवढंच हवंय. एक ओळ, बारीक अक्षरात चालेल.

१० नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं, "ती बाई मी आहे."

"कुठली बाई?"

!!!

मग म्हणाले, "अगं हो, तू मागे बोलली होतीस बहुतेक." बहुतेक! लग्न ठरलं तेव्हा पहिल्या भेटीत सांगितलं होतं या माणसाला. पहिल्या भेटीत!

११ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळे गावात मासळी आणायला गेले. डोकं तापलेलंच होतं, त्यात यशोदा भेटली. जावेच्या पाटीशेजारी पाय पसरून गप्पा मारत बसली होती. हातभर बांगड्या. तिमजली घर बांधलंय गावात, खाली दुकानं भाड्यानं, मुलगा मिथुन रेती-सिमेंटचा सप्लायर. लग्न झालं तसं गाणं सुटलं तिचं. एक दिवसही त्याचं दुःख केलेलं मी बघितलं नाही. मला नाही असं जमत.

"वैजू! किती दिसानी गं! बस, बस हितं."

बसले कसली. उभ्यानंच सांगितलं. बुवांची सीडी, तो ठसक्याचा तुकडा, ऋषी नाव घालणार आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. "कोनचा तुकडा?"

"अगं तो! वरच्या षड्जाचा. विसरलीस?"

"नाय गं. इसरंन कशी?" मग हसली. "बरा झालता तो."

"बरा? हॉल उठून उभा राहिला होता यशोदा!"

"व्हय गं बाय, राह्यला होता. घाल तुजं नाव. चांगलंच हाय." आणि जावेच्या पाटीतले मूठभर बोंबील माझ्या पिशवीत टाकले. "माज्याकडून. तुज्या नावाचे."

घरी येईपर्यंत धुमसत होते. बरा झालता म्हणे! एवढ्या वर्षांनी दोन शब्द चांगले बोलायला काय जातं? हिचे वडील देवजीकाका हिला दिवाळ्याहून बसनं दादरला घेऊन यायचे, हातात टाळ आणि डब्यात तळलेली मांदेली. आवाज होता, नाही म्हणत नाही. पण बुवांनी शिकवलेली जागा माझ्या गळ्यात आधी बसायची. ती जळते अजून. हसून जळते.

बोंबील चांगले निघाले. ह्यांनी दोनदा घेतले. तेही डोक्यात गेलं.

१२ नोव्हेंबर

आज खरं भांडण.

संध्याकाळी आशुतोष चंदेरी डबा न्यायला आला. काळा ठरलाच आहे म्हणे, याला दुसरं गिऱ्हाईक आहे वाशीला. त्यानं वायर काढायला हात घातला आणि मी डब्यावर हात ठेवला.

"हा कुठेही जायचा नाही."

"वहिनी, तुम्हाला यातलं..." एवढंच बोलला तो. हसत!

"मला यातलं काय?" म्हटलं. "बोल की! मला यातलं कळत नाही? तुमच्या त्या ठसक्याच्या जागी कोण गातंय ते सांग. तुला बाई घुसताना दिसली. मी त्या मैफलीत बसले होते, तू चड्डीत असशील तेव्हा! जो डबा माणूस गाळून टाकतो तो तुम्हाला स्मूद वाटतो, आणि जो आहे ते दाखवतो तो डिस्टर्ब करतो? मग कशाला हवेत एवढे कान? रेडिओ ऐका!"

हे म्हणाले, "वैजू, आवाज खाली."

"नाही करणार. आयुष्यभर खालीच केलाय. तेच तर शिकवलंय मला."

आशुतोष गेला. डबा राहिला. शेजारच्यांनी दार किलकिलं केलं होतं, त्यांनाही मी दिसेन असं बघितलं.

जेवताना हे ताकाची वाटी संपवून म्हणाले, "चंदेरीच ठेवू." थोडं बरं वाटलं. थोडंच.

१३ नोव्हेंबर

तानपुरा खाली काढला. दोन तारा तुटल्यात. भोपळ्यावर पालीनं घाण केलीय. पुसता पुसता रडू आलं. रागाचंच.

१४ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी हे स्वतःहून उठून कामाला लागले. शोकेस भिंतीला सरकवली, स्पीकर पुढे ओढले, फूटपट्टीनं अंतर मोजलं. चंदेरी जोडला, तासभर तापू दिला. तापल्याशिवाय म्हणे तो मोकळा होत नाही. मग खुर्चीकडे हात केला.

"उद्या ऋषी येईल तेव्हा येईल. आधी तू बस. तुझंच आहे ना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. आजवर सगळं मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलेलं. आधी कॅसेटवर, मग या डब्यांवर, पण दारातूनच.

आणि खरंच समोर मैफल! भिंत गेली. बुवा मध्ये, इतके जवळ की त्यांचा खाकरा अंगावर आला. तबला डावीकडे. पेटी उजवीकडे. त्यांच्या मागे तानपुऱ्यांचा सूर. माझे डोळे भरले. हे माझ्याकडे न बघता खिडकीशी उभे होते.

ठसका आला. आणि उजवीकडून, मागून, तो आवाज निघाला. सरळ. गोल. कसलीही घाई नाही. षड्जावर जाऊन उभा राहिला आणि समेवर उतरला. हॉल गरजला. मी टाळी वाजवली लहान मुलीसारखी.

मग लक्षात आलं. उजवीकडून म्हणजे पेटीजवळून.

मी पेटीजवळ नव्हते. मी तबल्याजवळ होते.

"वायर उलटी लावलीत तुम्ही!" ओरडले. "डावं उजवं केलंत!"

ह्यांनी वायर बदलली. परत लावलं. आता तबला उजवीकडे आला, पेटी डावीकडे गेली. आणि तो आवाजही पेटीबरोबर डावीकडे गेला. परत बदलायला लावली. परत तेच. वायर कशीही लावा, ती बाई पेटीपासून हलत नाही.

पेटीपाशी यशोदा होती.

आशुतोष उजवीकडे म्हणाला ते ऐकणाऱ्याचं उजवं. समोरून बघणाऱ्याचं. मी आयुष्यभर स्टेजवरून मोजत आले, बुवांच्या हातानं. समोर बसून कधी ऐकलंच नाही!

चौथ्यांदा लावलं. या वेळी तबल्याकडे कान दिला. तिथं मी आहे. आहे मी! ठसका लागतो, तबल्यामागून एक बारीक "आ" निघतो, दोन सूर चढतो आणि थांबतो. घाबरून थांबलेला आवाज. तो मी लगेच ओळखला. माझाच. पुढचं सगळं पेटीकडून येतं.

"पोरींनी सावरलं" म्हणाले बुवा. दोघींना शाबासकी दिली! आणि मी तीही तिच्याकडून काढून घेतली, मनातल्या मनात, इतकी वर्षं. तिनं बोंबील दिले मला. माझ्या नावाचे!

असा संताप आला! कुणाचा ते सांगता येत नाही. डब्याचा. बुवांचा. तिचा सगळ्यात जास्त. का नाही बोलली ती? त्या दिवशी नाही, बुधवारी नाही. "इसरंन कशी" म्हणाली आणि हसली. माझ्या तोंडावर का नाही मारलं? मी मारलं असतं.

ह्यांना म्हटलं, "हा डबा घालवून टाका. आत्ताच्या आत्ता. काळाच बरा आहे."

ह्यांनी सीडी बंद केली. त्यांना कळलं असावं. मैफलीत कोण कुठे बसतं एवढं त्यांनाही कळतं. मग हळूच विचारलं, "उद्या ऋषी येईल तेव्हा कुठला लावू? काळ्यावर लावला तर त्याला काहीच ऐकू येणार नाही. चंदेरीवर बाई ऐकू येईल, पण कोण ते त्याला कळणार नाही. तो तेव्हा तीन वर्षांचा होता."

मी आत जाऊन पडले. स्वयंपाक केला नाही. ह्यांनी आपल्या हातानं खिचडी लावली, ती कच्ची राहिली.

१५ नोव्हेंबर, रविवार

चंदेरीच लावायला सांगितला. ऋषीला खुर्चीत बसवलं. त्यानं दोनदा ऐकलं. म्हणाला, "पटलं ताई. हे बाबा नाहीत. माफ करा. कसं छापू नाव, माहेरचं की आत्ताचं?"

म्हटलं, "माहेरचं. लिहून घे. यशोदा देवजी कोळी, दिवाळे."